जुन्या मुद्राचित्रांतील शहरे : पाहावीत कशी, वाचावीत कशी?

जुन्या मुंबईचे, गोव्याचे किंवा औरंगाबादचे एखादे मुद्राचित्र आज उपाहारगृहाच्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या पानावर किंवा इतिहासविषयक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर सहज आढळते. पिवळसर कागद, बारीक रेघा, नारळीची झाडे, दूरवर किल्ल्याचा बुरूज आणि पुढे दोन-चार माणसे असे त्याचे ठरलेले रूप असते. छायाचित्रण अस्तित्वात येण्यापूर्वीची शहरे कशी दिसत होती हे सांगणारे पुरावे मोजकेच आहेत आणि त्यांत या चित्रांचा क्रम वरचा लागतो. एखाद्या वाड्याचे, तटबंदीचे किंवा दरवाजाचे जतन करायचे ठरले की अभ्यासक प्रथम जुनी चित्रे शोधू लागतात. त्यामुळे या चित्रांवर विश्वास कितपत ठेवावा हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांपुरता राहत नाही. चुकीच्या चित्रावर विसंबून केलेली डागडुजी मूळ वास्तूचा उरलासुरला पुरावाही पुसून टाकते.

तंत्राचा प्रभाव

मुद्राचित्रांच्या अनेक पद्धती आहेत. तांब्याच्या पत्र्यावर पोलादी हत्याराने थेट रेघ कोरली तर त्याला उत्कीर्णन म्हणतात. अम्लरेखनाची, म्हणजे एचिंगची, रीत निराळी आहे. पत्र्यावर मेण व राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर दिला जातो. त्या थरावर चित्रकार सुईने रेखाटन करतो. सुई जेथे फिरते तेथे तांबे उघडे पडते. पत्रा नत्राम्लात बुडवला की उघडे तांबे खाल्ले जाते आणि रेघेची खाच तयार होते. अम्लात अधिक वेळ राहिलेली रेघ खोल व गडद, कमी वेळ राहिलेली नाजूक व फिकी. जवळची झाडे ठसठशीत आणि क्षितिजावरचे डोंगर धूसर दाखवण्यासाठी कारागीर याच गुणाचा उपयोग करून घेतात. नंतर खाचांत शाई भरून, पत्रा पुसून, त्यावर ओलसर कागद ठेवून तो दाबयंत्रातून काढला जातो.

या प्रक्रियेत एक गोष्ट अटळ असते. पत्र्यावर जे डावीकडे असते ते कागदावर उजवीकडे उमटते. सावध कारागीर मूळ चित्र आरशात पाहून किंवा उलट गिरवून पत्र्यावर उतरवतो आणि छाप सुलट मिळवतो. तशी काळजी घेतली नाही तर अख्खे शहर उलटे होते. रेम्ब्रांट या थोर डच चित्रकाराने १६४० च्या सुमारास केलेले अ‍ॅम्स्टरडॅमचे प्रसिद्ध अम्लरेखन असेच उलटे आहे. त्यातील चर्चचे मनोरे आणि पवनचक्क्या यांचा क्रम प्रत्यक्षाच्या विरुद्ध आहे. चित्र म्हणून त्याची थोरवी त्यामुळे उणावत नाही, मात्र नकाशा म्हणून ते वापरणारा फसेल.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अ‍ॅक्वाटिंट हे तंत्र लोकप्रिय झाले. त्यात पत्र्यावर राळेची भुकटी पसरून अम्लाचा प्रयोग केला जाई. त्यामुळे रेघांऐवजी जलरंगासारख्या छटा मिळत. हे छाप बहुधा हाताने रंगवले जात. हे काम लंडनच्या कार्यशाळांत चाले. रंगवणाऱ्याने कोकणातले आकाश किंवा दख्खनची काळी माती पाहिलेली असण्याचे कारण नव्हते. अशा चित्रातील रंग हा पुराव्याचा सर्वांत कच्चा भाग समजावा.

न पाहिलेली नगरे

युरोपात शहरांच्या चित्रांना मोठी मागणी सोळाव्या शतकात निर्माण झाली. जर्मनीतील कोलोन येथे गेओर्ग ब्राउन आणि फ्रान्स होगेनबर्ग यांनी जगातील नगरांच्या दृश्यांचा ग्रंथ १५७२ पासून सहा खंडांत प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्याच खंडात गोवा, दीव, कालिकत आणि कन्नूर यांची चित्रे आहेत. ती युरोपात पोहोचलेल्या आराखड्यांवरून आणि वर्णनांवरून तयार झाली होती. युरोपीय वाचकाला त्यांतून हवे होते ते दूरच्या व्यापारी बंदराचे एकंदर चित्र, आणि ते त्याला मिळाले.

त्यापेक्षा जवळून पाहिलेला गोवा यान हाउखेन व्हान लिन्स्कोटेन या डच प्रवाशाच्या ग्रंथात आहे. तो १५८३ मध्ये गोव्यात आला आणि आर्चबिशपच्या चाकरीत पाच-सहा वर्षे राहिला. त्याचा ग्रंथ १५९६ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथे निघाला. त्यात गोव्याच्या मुख्य पेठेचे एक मोठे चित्र आहे. पालख्या, छत्र्या धरलेले नोकर, घोडेस्वार, लिलावाची गर्दी आणि विक्रीला उभे केलेले गुलाम असे सारे त्यात एकाच वेळी दिसते. ही चित्रे व्हान डुटेकम घराण्यातील कारागिरांनी तांब्यावर उतरवली. उत्कीर्णनासारखी भासणारी अम्लरेखनाची खास पद्धत त्या घराण्याच्या नावावर आहे. लिन्स्कोटेनने गोवा पाहिला होता, पण तांब्यावर रेघ ओढणाऱ्यांनी तो पाहिला नव्हता. म्हणून पेठेतील व्यवहार, पोशाख, गुलामांचा बाजार या बाबतींत हे चित्र महत्त्वाचे साक्षीदार ठरते. घरांची उतरती छपरे व खिडक्यांची ठेवण यांत गोवा किती आणि कारागिराच्या सवयीचे डच नगर किती, हे मात्र अन्य पुराव्यांशी ताडूनच ठरवावे लागते. पुढे रोगराईमुळे जुने गोवे ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. जुन्या गोव्यात आज चर्च उभी आहेत, पण पेठ उरलेली नाही. त्यामुळे या एका पानाचे मोल वाढले आहे.

न पाहता काढलेल्या मुंबईचेही उदाहरण आहे. लंडनच्या ईस्ट इंडिया हाउससाठी जॉर्ज लँबर्ट आणि सॅम्युएल स्कॉट या चित्रकारांनी १७३२ च्या सुमारास कंपनीच्या सहा ठाण्यांची तैलचित्रे तयार केली. त्यांत मुंबई होती. दोघांपैकी एकही भारतात आलेला नव्हता. या चित्रांवरून गेरार्ड वांडरगुख्त याने १७३६ मध्ये मुद्राचित्रे केली आणि मुंबईचा किल्ला इंग्रज वाचकांच्या परिचयाचा झाला. चित्रात पुढे कंपनीची जहाजे आहेत आणि मागे किनाऱ्यावर शहर आहे. भागधारकांना आपली मालमत्ता पाहायची होती, त्या अपेक्षेनुसार ही मांडणी झाली.

चुका, कल्पना आणि भव्यता

असे प्रकार केवळ दूरच्या शहरांच्या वाट्याला आले असे नाही. व्हेन्सेस्लाउस होलार याने १६४७ मध्ये प्रसिद्ध केलेले लंडनचे लांबलचक दृश्य अम्लरेखनाचा उत्कृष्ट नमुना मानले जाते. १६६६ च्या आगीत जळालेल्या लंडनची माहिती त्यातून मिळते. तरीही त्यात ग्लोब नाट्यगृह आणि शेजारचे अस्वलांच्या झुंजींचे घर यांच्या नावांची अदलाबदल झालेली आहे. शिवाय ग्लोब १६४४ मध्येच पाडले गेले होते. होलारने जुन्या रेखाटनांवरून हा पत्रा अँटवर्पमध्ये बसून तयार केला. परिणामी प्रकाशनाच्या साली जे उरले नव्हते तेही चित्रात दिमाखात उभे राहिले.

इटलीत कानालेत्तो याने आपल्या अम्लरेखनांच्या संचाच्या शीर्षकातच काही दृश्ये प्रत्यक्ष स्थळांवरून व काही कल्पनेने केली असल्याचे नमूद केले. पिरानेसी याची रोमची दृश्ये १७४८ पासून तीन दशके निघत राहिली. त्यांतील भग्न कमानींच्या पायथ्याशी माणसे मुंग्यांएवढी दिसतात. ही चित्रे पाहून रोमला गेलेल्या प्रवाशांना खऱ्या वास्तू त्या मानाने लहान वाटत. याउलट शार्ल मेरियाँ याने १८५० ते १८५४ या काळात केलेली पॅरिसची अम्लरेखने ओस्मानच्या पुनर्रचनेत नाहीशा झालेल्या गल्लीबोळांची आठवण म्हणून आज जपली जातात.

वेल्सची मुंबई

मुंबईच्या बाबतीत प्रत्यक्ष पाहून केलेल्या चित्रांत जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या संचाला विशेष स्थान आहे. तो १७९१ मध्ये मुंबईस आला. १७९१ व १७९२ या वर्षांत त्याने बेटावरील आणि परिसरातील दृश्ये घेतली. त्यांतील बारा दृश्यांचा संच त्याच्या मृत्यूनंतर, १८०० मध्ये, लंडनला प्रसिद्ध झाला. मलबार टेकडी, माझगावचा बेलमाँट बंगला, घारापुरी, शीवचा किल्ला अशा ठिकाणांहून दिसणारी मुंबई त्यात आहे.

या संचाचा उपयोग कसा करता येतो याचे शीवचे दृश्य हे चांगले उदाहरण आहे. शीव आणि साष्टी बेट यांना जोडणारा रस्ता गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, पूर्ण झाला. वेल्सने पाहिलेली खाडी त्याआधीची आहे. मुंबई अनेक बेटांची होती हे शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते, परंतु पाणी, दलदल आणि मिठागरे यांनी वेढलेली भूमी प्रत्यक्षात कशी दिसत होती याची कल्पना अशा चित्रांवाचून येत नाही. शीव किंवा कुर्ल्याच्या सखल भागात पावसाचे पाणी का साचते, याचे उत्तर शोधणाऱ्यालाही या चित्रांत काही सापडू शकते.

त्याच वेळी चित्रकार कोठे उभा होता हेही पाहिले पाहिजे. टेकडी, बंगल्याचा सज्जा, किल्ल्याचा बुरूज या उंच व मोकळ्या जागा आहेत. तेथून बंदर, माडांची राई आणि डोंगर दिसतात. बाजारातील गल्ली, कोळीवाड्यातील घरे, कारागिरांची आळी तेथून दिसत नाही. इंग्लंडमध्ये त्या काळी ‘रम्य दृश्या’ची एक विशिष्ट अभिरुची रूढ होती. एका बाजूला चौकटीसारखे झाड, मध्ये पाणी, मागे डोंगर आणि पुढे प्रमाण दाखवण्यापुरती माणसे असा तिचा आकृतिबंध होता. वेल्सचे समकालीन टॉमस व विल्यम डॅनियल हे काका-पुतणे दृश्य अचूक उतरवण्यासाठी कॅमेरा ऑब्स्क्युरा हे उपकरण वापरत. तरी १७९५ ते १८०८ या काळात निघालेल्या त्यांच्या १४४ अ‍ॅक्वाटिंट चित्रांवर या अभिरुचीची छाप आहेच. अशा चित्रांत वास्तूच्या आकारावर भरवसा ठेवता येतो, मात्र पुढच्या झाडावर आणि माणसांवर तितका ठेवू नये.

शहराच्या आतील भाग पाहायचा तर शिळाछापाकडे वळावे लागते. दगडावर तेलकट खडूने काढून छापण्याचे हे तंत्र तांब्यापेक्षा स्वस्त व जलद होते. होजे गोन्साल्विस याने १८२६ मध्ये मुंबईतच छापलेल्या शिळाछाप दृश्यांत कोटातील रस्ते, इमारती, पालख्या आणि गाड्या आहेत. येथेच राहणाऱ्याने येथेच छापलेली ही मुंबई आहे. कोटाची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली गेली, तेव्हा तिच्या आतील जुन्या शहराचे रूप जाणण्यासाठी या चित्रांचे साहाय्य होते.

जळालेल्या वाड्याचा पुरावा

मुंबईहून वेल्स पुण्यास गेला. पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या आश्रयाने त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची चित्रे काढली. पुण्यातील चित्रशाळेत स्थानिक चित्रकारांना शिक्षणही मिळू लागले. त्यांत गंगाराम चिंतामण तांबट हे नाव ठळक आहे. वेरूळच्या लेण्यांची आणि पुण्यातील जीवनाची त्यांची रेखाटने आज अमेरिकेतील येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट या संस्थेत आहेत. वेल्स आणि सवाई माधवराव या दोघांचाही मृत्यू १७९५ मध्ये झाला. वेल्सने केलेल्या वेरूळच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली २४ मुद्राचित्रांचा संच १८०३ मध्ये निघाला.

टिपूविरुद्ध १७९० मध्ये झालेल्या तहाच्या प्रसंगी भरलेल्या पेशव्यांच्या दरबाराचे चित्र अनेकांनी पाहिलेले असते. ते टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये इंग्लंडमध्ये रंगवले आणि १८०७ मध्ये चार्ल्स टर्नरने त्याचे मुद्राचित्र केले. प्रसंग घडला तेव्हा वेल्स हिंदुस्थानात पोहोचलाही नव्हता. त्याने नंतर दालनाचा व व्यक्तींचा अभ्यास करून रेखाटने केली आणि त्यांवरून डॅनियलने चित्र रचले. म्हणजे प्रसंगापासून छापापर्यंत १७ वर्षे आणि तीन हात मध्ये आहेत. दरबारात कोण कोणाशेजारी बसले होते हे त्यावरून ठामपणे सांगणे धाडसाचे ठरेल. परंतु शनिवारवाड्याच्या आतील इमारती १८२८ च्या आगीत भस्मसात झाल्या. दालनाचे खांब, कमानी, छत यांविषयी ज्याला काही जाणून घ्यायचे आहे त्याला या चित्राकडे यावेच लागते. एकाच चित्राचा एक भाग विश्वसनीय आणि दुसरा संशयास्पद असू शकतो, हे येथे स्पष्ट दिसते.

मराठवाडा आणि मस्तगड

मराठवाड्यातील दृश्ये कॅप्टन रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले याच्या पश्चिम भारतविषयक संचात आहेत. १८२६ ते १८३० या काळात निघालेल्या या ३६ चित्रांत दौलताबादचा किल्ला, वेरूळ आणि औरंगाबाद यांचा समावेश आहे. औरंगाबादचे दृश्य औरंगजेबाच्या महालाच्या अवशेषांवरून घेतलेले आहे आणि शीर्षकातच तसे सांगितले आहे. ही निवड अर्थपूर्ण आहे. शहर तेव्हा निजामाच्या राज्यात नांदते होते, तेथे पेठा होत्या, विणकर होते, नहरींचे पाणी खेळत होते. पाहणाऱ्याला मात्र ते पडक्या महालाच्या चौकटीतून दाखवले गेले. गेलेल्या साम्राज्याचे अवशेष पाहण्याची युरोपीय वाचकाची आवड त्यामागे होती.

कंपनीच्या चित्रकारांची वाट बंदरे, राजधान्या, लेणी आणि डोंगरी किल्ले यांवरून जाई. व्यापारी गावे त्या वाटेवर असली तरी चित्राचा विषय होत नसत. औरंगाबादच्या पूर्वेस कुंडलिका नदीच्या काठी वसलेले जालना हे असेच व्यापाराचे गाव. तेथील किल्ला आणि त्याचा बालेकिल्ला मस्तगड १७२५ मध्ये, पहिल्या निजामाच्या आज्ञेवरून, काबिलखानाने बांधला आणि त्याची नोंद सांगणारा फारसी शिलालेख तेथे होता. डॅनियल किंवा ग्रिंडले यांच्या गाजलेल्या संचांत दौलताबादला जे स्थान मिळाले ते मस्तगडाला मिळाले नाही. कड्यावर उभा असलेला दुर्ग चित्रात शोभतो, तर वस्तीला लागून असलेली गढीवजा तटबंदी ‘रम्य दृश्या’च्या कल्पनेत बसत नाही.

याचा परिणाम पुढेही जाणवतो. ज्या वास्तूचे जुने चित्र आहे तिच्याविषयी लिहिले जाते, तिच्या जतनासाठी आग्रह धरला जातो. ज्या वास्तूचे चित्र नाही तिच्याविषयी गप्प राहिले जाते. मस्तगडासारख्या ठिकाणांचा इतिहास लिहायचा तर शिलालेखांचे वाचन, गॅझेटिअरमधील नोंदी, भूमापनाचे जुने नकाशे, महसुली दप्तरे आणि उभ्या भिंतींची मोजणी यांतूनच चित्र उभे करावे लागेल. आजची साधी, दिनांक असलेली छायाचित्रे आणि मोजमापांची रेखाटने हीसुद्धा पन्नास वर्षांनंतर मुद्राचित्रांइतकीच उपयोगी पडतील.

चित्राखालच्या अक्षरांत दडलेली माहिती

मुद्राचित्र हाती आले की प्रथम त्याच्या खालची बारीक अक्षरे वाचावीत. डाव्या बाजूस नावापुढे ‘डेल.’ असे असेल तर ते मूळ रेखाटन करणाऱ्याचे नाव. ‘पिंक्स.’ म्हणजे रंगचित्र काढणारा. उजवीकडील ‘स्कल्प.’ म्हणजे पत्रा कोरणारा आणि ‘एक्सक.’ म्हणजे छापून प्रसिद्ध करणारा. ही लॅटिन शब्दांची संक्षिप्त रूपे आहेत. पाहणारा आणि कोरणारा एकच की निराळा, हे त्यांवरून कळते. इंग्लंडमध्ये १७३५ च्या कायद्यानुसार हक्क राखण्यासाठी पत्र्यावर मालकाचे नाव व प्रकाशनाचा दिनांक घालणे आवश्यक झाले. त्यामुळे तेथील चित्रांवर नेमका दिवस मिळतो. हा दिवस प्रकाशनाचा असतो, पाहण्याचा नव्हे. जेम्स फोर्ब्स याने १७६६ ते १७८४ या काळात पश्चिम भारतात केलेल्या निरीक्षणांचा सचित्र ग्रंथ १८१३ मध्ये निघाला. त्यातील दृश्य १८१३ चे समजणे ही अर्ध्या शतकाची चूक ठरू शकते.

दुसरी कसोटी चित्रातील वास्तूंची. मुंबईच्या चित्रात टाऊन हॉल पूर्ण रूपात दिसत असेल तर चित्र १८३३ च्या आसपासचे वा नंतरचे असावे. कोटाची तटबंदी सलग दिसत असेल तर दृश्य १८६० च्या दशकापूर्वीचे. अशा दोन-तीन खुणा मिळाल्या की काळाची चौकट निश्चित होते. तिसरी कसोटी दिशांची. ओळखीची टेकडी, नदी किंवा देवालय यांचा क्रम उलट दिसला तर छाप उलटा असण्याची शक्यता तपासावी.

अस्सल छाप ओळखण्याच्या खुणाही आहेत. ताम्रपत्र्याच्या दाबामुळे चित्राभोवती कागदावर आयताकृती खोलगट कडा उमटते. भिंगातून पाहिले असता शाईच्या सलग रेघा किंवा राळेच्या अनियमित कणांची जाळी दिसते. एकसारख्या ठिपक्यांच्या ओळी दिसल्या तर ती नंतरची यांत्रिक प्रतिकृती होय. इंग्रजी कागद उजेडासमोर धरला की कधी कधी निर्मात्याचे नाव व साल पाण्याच्या ठशात दिसते. ते साल प्रकाशनानंतरचे असेल तर छाप उशिराचा. आणखी एक हानी सर्रास होते. जुन्या ग्रंथांची पाने सुटी करून चित्रे वेगवेगळी विकली जातात. त्यामुळे चित्रासोबतचे वर्णन हरवते, आणि चित्रकार कोठे उभा होता, कोणत्या ऋतूत होता, त्याने काय वगळले हे सांगणारा मजकूरच नाहीसा होतो.

महाराष्ट्रातील ग्रंथालये, संग्रहालये आणि इतिहास संशोधनाच्या संस्थांत असे ग्रंथ व संच आहेत, तर अनेक परदेशी संस्थांनी आपल्या संग्रहांची चित्रे महाजालावर उपलब्ध करून दिली आहेत. एखाद्या शहराविषयी लिहिताना किंवा वास्तूच्या दुरुस्तीचा आराखडा करताना जुने चित्र वापरायचे असेल, तर त्याखाली मूळ रेखाटनकार, कोरणारा, पाहणीचे साल आणि प्रकाशनाचे साल या चार गोष्टी नोंदवण्याचा शिरस्ता पाळला जावा. एवढ्या नोंदीने चित्रातील कोणता भाग आधार म्हणून घेता येईल हे वाचकाला व वास्तुतज्ज्ञाला ठरवता येते. गंगाराम तांबटांसारख्या स्थानिक हातांची नावे जेथे माहीत आहेत तेथे तीही त्याच ओळीत यायला हवीत.